डाग उलटा करून बघ

पोरी, तुझा फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत बसले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. सासूबाईंनी दागिन्यांचा डबा तुझ्या हाती दिला. त्यातलं काय कुठलं, किती जुनं, कुणाच्या पेढीवरचं हे कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. लिहून पाठवते, म्हणजे एका हातात दागिना, आमच्या पेढीच्या भाषेत डाग, आणि एका हातात भिंग घेऊन वाचता येईल. मी काही सोनारकाम शिकले नाही. पण सराफाच्या घरात साठ वर्षं काढली, आणि मामंजींनी पेढीवर बसवून जे दाखवलं ते त्यांच्या दोन्ही मुलांपेक्षा माझ्याच जास्त लक्षात राहिलं.

पहिलं म्हणजे डाग समोरून बघायचा नाही. समोरून बघतं ते गिऱ्हाईक, असं मामंजी म्हणायचे. सराफाच्या हातात डाग आला की तो आधी उलटा होतो. ठसा मारायला जाड, सपाट आणि चारचौघांत न दिसणारी जागा लागते, म्हणून शिक्का मागे, आत नाहीतर टोकाला असतो. पाटलीची आतली बाजू, तोड्याच्या पेचाशेजारची पट्टी, मंगळसूत्राच्या वाटीची मागची कड, साखळीच्या शेवटच्या कडीला डाखलेली टिकली, कुडीच्या दांडीचा बुंधा, अंगठीच्या कड्याचा आतला भाग, एवढ्या जागा धुंडाळ. ठुशीत शिक्का शोधत डोळे फोडू नकोस. तिचे मणी एवढे बारके की ठसा बसण्याआधी मणीच चेपायचा. बोरमाळेचंही तसंच. वर पातळ पत्रा आणि पोटात लाख. असल्या डागावर शिक्का असलाच तर सर जिथे संपतो तिथल्या कडीवर असेल.

सापडत नसेल तर घासू नकोस. जुना शिक्का मळानं बुजलेला असतो किंवा झिजलेला असतो. मळ काढता येतो, झिजलेलं परत आणता येत नाही. रिठ्याचं कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ ब्रश एवढं पुरे. चिंच नको, दंतमंजन तर मुळीच नको. मोत्याच्या आणि लाखेच्या डागांना पाणीही दाखवू नकोस, ऊन पाण्यानं लाख सुटते आणि आतला मणी खुळखुळायला लागतो. मग डाग कोरडा कर आणि खिडकीशी बस. दिवा डोक्यावर नको, उजेड बाजूनं तिरपा पडला पाहिजे. दहापटीचं भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि डाग भिंगाजवळ आणायचा. तू उलटं करशील, सगळेच पहिल्यांदा उलटं करतात. अक्षर फारच पुसट असेल तर त्यावर तोंडानं वाफ सोड. वाफ उडते त्या दोन क्षणांत कधी कधी अख्खं अक्षर उठून दिसतं. सपाट जागा असेल तर वर पातळ बटर पेपर धरून मऊ पेन्सिल आडवी फिरव, लहानपणी नाण्याचे छाप काढायचीस तशी. तो कागद डब्यातच ठेव.

आता वाचायचं काय? इथे एक गोष्ट ध्यानात ठेव. इंग्लंडात १३०० सालापासून सोनंचांदी तपासून त्यावर शिक्का मारायचा कायदा आहे. त्याच इंग्रजांनी इथे दीडशे वर्षं राज्य केलं, पण आपल्या सोन्यासाठी तशी तपासणीची कचेरी काढली नाही. सरकारी धाटणीचा हॉलमार्क आपल्याकडे २००० साली आला. त्याआधीच्या आपल्या कुठल्याही डागावर जे दिसेल तो सराफाचा स्वतःचा शब्द. बहुतेक वेळा त्यात सराफाच्या नावाची एकदोन अक्षरं असतात, देवनागरीत किंवा इंग्रजीत. शेजारी २२ चा आकडा, आणि क्वचित गावाचं नाव.

ती अक्षरं डाग घडवणाऱ्याची नसतात, विकणाऱ्याची असतात. घडवणारा कारागीर मागच्या खोलीत फुंकणीनं फुंकत बसलेला. त्याचं नाव कुठेच उमटत नाही. ते ओळखायचं त्याच्या हातावरून, तारेच्या वळणावरून, डाख किती लपलीय त्यावरून. मामंजींना आमच्या पेठेतल्या चारपाच कारागिरांचा हात न विचारता कळायचा. ते मला साधलं नाही, तुलाही लगेच साधणार नाही. शिक्का मारणाऱ्याच्या बोलण्याचा अर्थ एवढाच की हा डाग परत आला तर मी घेईन, आणि मी सांगितलेल्या कसानं घेईन. मामंजींनी पेढी बंद केली त्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसून ठशाचं तोंड कानशीनं घासून सपाट केलं. पोलादी खिळ्यासारखा तो ठसा माझ्या फडताळात आहे. आता डाग परत घ्यायला कुणी नाही, तर आपलं अक्षर दुसऱ्याच्या हाती कशाला, असं म्हणाले.

दोन अक्षरांवरून पेढी शोधायची तर डाग ज्या गावात खरेदी झाला तिथे जायचं. ‘ग’ने सुरू होणारे सराफ महाराष्ट्रात शेकड्यानं मिळतील, पण एका गावच्या एका पेठेत दोनतीनच. कोल्हापूरच्या गुजरीत, नाशिकच्या किंवा जळगावच्या सराफ बाजारात, पुण्याच्या सोन्या मारुती चौकात, कुठेही जा आणि नव्या काचेच्या दुकानात न शिरता सगळ्यात जुन्या पाटीखालच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार. सांगलीत १८३२ साली निघालेली गाडगिळांची पेढी किंवा मुंबईची १९०९ सालची वामन हरी पेठ्यांची पेढी अशी नावं अजून बाजारात आहेत, त्यांना विचारायला दार तरी आहे. बाकीच्यांचा पत्ता म्हाताऱ्यांच्या डोक्यातच. तेव्हा आज जा, दिवाळीनंतर बघू म्हणू नकोस.

डब्याच्या तळाशी पावत्या असतील, त्या रद्दीत घालू नकोस. शिक्क्याला आवाज पावतीमुळे येतो. जुन्या पावतीवर वजन तोळे, मासे, गुंजांत असतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तो तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आता बाजारात तोळा म्हणतात तो सरळ १० ग्रॅमचा. पावतीवर पाटल्या ४ तोळ्यांच्या असतील तर काट्यावर ४६ ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात, रोजच्या घासानं थोड्या कमीच. चाळीस भरल्या तर त्या पाटल्या ह्या पावतीवरच्या नव्हेत, किंवा मधे कुणीतरी मोडून पुन्हा घडवल्यात. माझ्या जावेनं हाच घोळ केला होता. दहानं गुणलं आणि सोनं वाढलं म्हणून खूश झाली.

१४ चा आकडा दिसला तर लगेच नाक मुरडू नकोस. ही गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण ती माझ्या गळ्यातली आहे. १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, परकी चलनाची टंचाई, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती. यापुढे नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही, असा नियम झाला. बावीसच्या सोन्यावर हात बसलेल्या कारागिरांना चौदाचं सोनं कडक लागायचं आणि गिऱ्हाइकाला ते सोनंच वाटायचं नाही. देशभर सोनार देशोधडीला लागले. आमच्या मागच्या खोलीतले सहा कारागीर होते, त्यातले दोघे राहिले. गेलेल्यांतल्या एकानं बसस्टँडवर चहाची गाडी टाकली, आणि तो चहा मामंजी रोज मुद्दाम जाऊन प्यायचे.

माझं लग्न १९६४ सालचं. सराफाची सून, आणि गळ्यातल्या वाट्यांच्या मागे १४ चा शिक्का! बायका हळदीकुंकवाला आल्या की वाट्या उलट्या करून बघायच्या आणि काही न बोलता परत सोडायच्या. घामानं त्या काळवंडायच्या. १९६६ साली १४ कॅरेटची अट उठली, तसे लोकांनी हे डाग धडाधड मोडीत घातले. म्हणूनच चौदाचा शिक्का असलेलं देशी घडणीचं मंगळसूत्र, साखळी आता सहसा सापडत नाही. तुझ्या डब्यात असलं तर ते साधारण १९६३ ते ६६ मधलं धरायला हरकत नाही. नंतरही हलक्या सोन्यात काही ना काही होत राहिलं, तेव्हा घडण आणि पावती ताडून बघ. सोन्याचा कायदा पुढे १९६८ साली आणखी पक्का झाला आणि १९९० साली रद्द झाला. माझ्या वाट्या मी मोडल्या नाहीत.

‘केडीएम’ अशी अक्षरं दिसली तर तो डाग हॉलमार्कचा समजू नकोस. ती ना सराफाची आद्याक्षरं, ना सरकारी शिक्का. ती डाखेची, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूची, जाहिरात आहे. पूर्वी डाख लावायला सोन्यात तांबं, चांदी घालायचे, त्यामुळे डाग आटवला की कस उतरायचा. मग डाखेत कॅडमियम आलं. ते तापवल्यावर बरंचसं उडून जातं, म्हणून डागाचा कस फारसा उतरत नाही. गिऱ्हाईक खूश, पण तो धूर कारागिराच्या छातीत जायचा आणि तो विषारी. त्यावर बंदी आली हे बरं झालं. असा शिक्का असला तर डाग फार जुना नाही एवढं कळतं, शुद्धतेची हमी मात्र त्यात काही नाही. नुसता ‘९१६’ आकडाही तसाच. एकटा आकडा हा दावा झाला, त्याच्याशेजारी बीआयएसचा, म्हणजे सरकारी हॉलमार्कचा, त्रिकोण असेल तरच तपासणी झाली म्हणायची.

त्रिकोण असेल तर साल काढणं सोपं, नुसत्या खुणा मोज. पाच खुणा असतील तर डाग २००० ते २०१६ मधला. त्रिकोण, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, सालाचं अक्षर आणि सराफाची खूण अशा त्या पाच. सालाचं अक्षर ‘ए’ म्हणजे २०००, ‘बी’ म्हणजे २००१ असं पुढे मोजायचं. ‘आय’ वगळलाय, म्हणून ‘जे’ म्हणजे २००८. २०१७ पासून सालाचं अक्षर गेलं, खुणा चार उरल्या, आणि आकडा ‘२२के९१६’ असा जोडून यायला लागला. २०२१च्या जुलैपासून तीनच आहेत. त्रिकोण, आकडा, आणि सहा अक्षरं-अंकांचा एचयूआयडी. तो लेझरनं इतका बारीक कोरतात की माझ्या भिंगालाही घाम फुटतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो घातला की सराफ कोण, तपासणी केंद्र कुठलं, डाग कुठल्या प्रकारचा, सगळं उमटतं. साखळीचा नंबर घातला आणि तिथे अंगठी लिहून आली तर समजून जा.

सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण सराफाची खूण डागावर असलीच पाहिजे ही सक्ती त्यात गेली, ते मला रुचलेलं नाही. तुझी नात हा डाग उलटा करेल तेव्हा ते ॲप असेल की नाही, कुणी सांगावं?

आता डब्यातल्या परदेशी वस्तू. आजेसासऱ्यांच्या घड्याळाची साखळी, सदऱ्याची बटणं, एखादी अंगठी. विलायती साखळी असेल तर एकेक कडी भिंगाखाली घाल, चांगल्या साखळीत जवळजवळ प्रत्येक कडीवर शिक्का असतो. नांगर दिसला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. गंमत अशी की बर्मिंगहॅमपासून समुद्र कितीतरी लांब! गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार असेल तर चेस्टर, ती कचेरी १९६२ साली बंद झाली. शेजारी चौकटीत सालाचं अक्षर आणि घडवणाऱ्या पेढीची आद्याक्षरं. सालाचं अक्षर वाचताना नुसतं अक्षर बघून भागत नाही, अक्षराची धाटणी आणि भोवतीच्या चौकटीचा आकारही बघावा लागतो, कारण वर्णमाला संपली की तीच पुन्हा सुरू व्हायची, आणि प्रत्येक कचेरीचा क्रम वेगळा. आकड्यात ‘१५’ आणि ‘.६२५’ दिसलं तर आनंद मान. १५ कॅरेट तिकडे १८५४ साली आलं आणि १९३२ साली बंद झालं, म्हणजे सालाचं अक्षर झिजलं असलं तरी डाग त्या दरम्यानचा. ‘९’ आणि ‘.३७५’ हेही खरंच सोनं, पण शंभरात साडेसदतीस भाग. आपल्या सराफाकडे नेलंस तर तो तोंड वाकडं करील, ते मनावर घेऊ नकोस.

चौकोनी बर्फीसारख्या चौकटीत अक्षरं आणि गरुडाचं डोकं असेल तर फ्रान्सचा १८ कॅरेट. मस्कत-दुबईहून आलेल्या साखळीवर ‘८७५’ किंवा ‘२१’ असतं. तिकडे २१ कॅरेट चालतं, तो आकडा चुकलेला नाही. अमेरिकेहून आलेल्या चौदा-अठरा कॅरेटच्या डागावर आकड्यासोबत कंपनीची खूण बघ, १९६०च्या दशकापासून तिकडे तशी सक्ती आहे. ‘जीएफ’, ‘आरजीपी’, ‘एचजीई’ किंवा ‘१/२०’ असा अपूर्णांक दिसला तर वर नुसता मुलामा. आपल्याकडे ज्याला रोल्ड गोल्ड म्हणतात ते.

गिन्यांची माळ आहे म्हणालीस, ती मला बघायचीच आहे. गिनीवर घडवणाऱ्याची खूण म्हणजे टांकसाळीचं अक्षर. बहुतेक गिन्यांवर ते घोडेस्वाराच्या बाजूला, घोड्याच्या टापांखालच्या जमिनीवर, सालाच्या अगदी वर, टाचणीच्या डोक्याएवढं. अक्षर नसेल तर सहसा लंडनची. ‘एस’ सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ. आणि पंचम जॉर्जच्या १९१८ सालच्या गिनीवर ‘आय’ असेल तर ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडलेली. मुंबईनं ह्या गिन्या त्या एकाच सालाच्या पाडल्या. गिनी २२ कॅरेटची, वजन ७.९८८ ग्रॅम. नाकं डाखलेलं असेल तर वजन थोडं जास्त भरेल, त्यावरून घाबरू नकोस. कमी भरली तर मात्र बघ. नाकं काढून गिनी ‘साफ’ करून देतो असं कुणी म्हटलं तर हात जोड आणि माळ उचलून ये.

खोटेपणा कसा ओळखायचा, तेही सांगते. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा धारदार असतात आणि पत्रा पातळ असेल तर मागून जरा फुगवटा येतो. खऱ्या डागाचा साचा काढून ओतलेल्या नकलेत अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी मऊ, आणि तळाशी बारीक बारीक खड्डे. शिक्क्याभोवती डाखेची चौकोनी रेघ दिसली तर दुसऱ्या डागाचा तुकडा कापून इथे बसवलाय. आणि शिक्का ज्या तुकड्यावर आहे त्याच तुकड्याबद्दल बोलतो. कडी बदललेली असते, फिरकी नवी असते. माझ्या मोठ्या नणंदेनं कडीवरचा २२ बघून साखळी घेतली होती. साखळी आटवली तेव्हा कडी तेवढी बावीसची निघाली.

म्हणून शेवटचा निवाडा कसोटीचा. काळ्या दगडावर डागाची रेघ, शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ, वर तेजाबाचा थेंब, आणि कुठली रेघ आधी विरते ते बघायचं. हे घरी करू नकोस, तेजाबानं हात आणि दिवाणखाना दोन्ही जातील. बीआयएसच्या मान्यतेच्या तपासणी केंद्रात कुणीही आपला डाग नेऊ शकतं. २०२२ साली चार डागांपर्यंत दोनशे रुपये दर होता. तिथे यंत्रानं तपासतात आणि यंत्र वरवरचं बघतं, तेव्हा लाखेच्या किंवा जाड मुलाम्याच्या डागाबद्दल तिथल्या माणसाला आधीच सांग. हॉलमार्क नाही म्हणून जुनं सोनं बाद झालं, असं कुणी दरडावलं तरी ऐकू नकोस. ती सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, घरातला जुना डाग मोडीत द्यायला आजही आडकाठी नाही.

एका दुकानात मी स्वतः फसले आहे. नाव घेत नाही. आईच्या पाटल्या उजळायला दिल्या. चकचकीत होऊन आल्या, वजन तीन गुंजा कमी, आणि आतली दोन अक्षरं गेलेली. वजनाचं मी भांडून पैसे घेतले. अक्षरांचं काय घेणार? त्या कुठल्या पेढीच्या ते आता कळायचा मार्ग नाही, आणि आई तर कधीच गेली.

तेव्हा डबा घेऊन दसऱ्याच्या आत इकडे ये. भिंग माझ्याकडे आहे, काटा शेजारच्यांकडून आणू. तोवर काहीही पॉलिशला देऊ नकोस.